मीटर ३१ दाखवतं, तरी वर्गात बसवत का नाही? ऊर्जाबचतीच्या शाळा-इमारती, उष्णतेची लाट आणि हवेतलं पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेची इमारत नवी, ऊर्जाबचतीचं प्रमाणपत्र मिळालेली. भिंतींना जाड इन्सुलेशन, दुहेरी काचेच्या खिडक्या, ताजी हवा आत आणणारं यंत्र, काही वर्गांना एसी. तरीही उष्णतेच्या लाटेत बारा वाजले की वर्गात बसवत नाही. भिंतीवरचं मीटर ३१ दाखवतं आणि बाहेर ३८ असतं, म्हणजे इमारत तिचं काम करते आहे. मग मुलांची डोकी का दुखतात, आणि एसीच्या वर्गांत कुबट वास का येतो?

शाळांच्या इमारतींत हवा खेळती ठेवणं आणि त्या थंड करणं हे माझं वीस-बावीस वर्षांचं काम आहे. अशी तक्रार आली की मी जाते तेव्हा पिशवीत दोन साधे थर्मामीटर असतात. एकाच्या बल्बला ओल्या मलमलची चिंधी गुंडाळलेली असते. ती चिंधी पंख्यासमोर धरायची आणि आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत थांबायचं. हे ओल्या बल्बचं तापमान. घाम वाळून शरीर किती गार होऊ शकतं याचा अंदाज हा आकडा देतो. कोरडा आकडा फक्त हवा किती तापली आहे तेवढं सांगतो.

४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओला बल्ब साधारण २३ वर थांबतो. ३४ अंश आणि ६० टक्के असेल तर तो साडेसत्तावीसच्या आसपास जातो. म्हणजे सहा अंशांनी 'गार' असलेली हवा शरीराला जास्त जड जाते. ओला बल्ब ३५ ला पोहोचला की घाम येऊनही उपयोग नसतो, ही सैद्धांतिक मर्यादा बरीच वर्षं सांगितली जात होती. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात धडधाकट तरुणांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. दमट हवेत शरीराचा उष्णतेचा तोल त्याच्या कितीतरी आधी, ३०-३१ च्या घरातच सुटतो, असं त्यांत दिसलं. आणि ते तरुण होते, लहान मुलं नव्हती.

आता तुमच्या वर्गाकडे येऊ. अगदी अशाच एका वर्गात मी मोजलं होतं. बाहेर सावलीत ३८ अंश, ३८ टक्के. आत ३१ अंश, ७५ टक्के. मुख्याध्यापक कौतुकानं म्हणाले, "बघा, सात अंशांचा फरक!" मी आतला ओला बल्ब त्यांना दाखवला: २७ च्या थोडा वर. मग आम्ही बाहेर झाडाखाली गेलो. तिथे साडेसव्वीस. घामाच्या हिशेबानं मुलं बाहेर झाडाखाली बसली असती तर वर्गापेक्षा वाईट नक्कीच नव्हतं. ते काही क्षण चिंधीकडेच बघत राहिले.

एवढं पाणी येतं कुठून? आधी मुलांकडून. शांत बसलेलं शाळकरी मूल सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकतं. खोली गार असेल तर त्यातली बरीचशी कोरडी उष्णता म्हणून जाते. खोली ३० च्या पुढे गेली की निम्म्याहून अधिक घाम आणि श्वासातल्या वाफेवाटे जाते. एका मुलामागे तासाला साठ-सत्तर ग्रॅम पाणी धरा. पस्तीस मुलांचा वर्ग असेल तर तासाला दोन-सव्वादोन लिटर. चार तासांत अर्धी बादली पाणी हवेत सोडल्यासारखं होतं. जुन्या शाळेत हे पाणी झडपांच्या फटींतून, कौलांतून, दाराखालून आपोआप निघून जायचं. तुमची इमारत हवाबंद आहे. हवा न गळणं हाच तिचा गुण, म्हणून तर तिला प्रमाणपत्र मिळालं. अशा इमारतीत पाण्याला बाहेर जायला एकच वाट उरते, हवेचं यंत्र. मी वर सांगितलेल्या वर्गात ते यंत्र निम्म्या वेगावर चालू होतं, कारण पूर्ण वेगावर आवाज येतो अशी शिक्षकांची तक्रार होती. फिल्टरही बहुधा बसवल्यापासून कुणी उघडला नव्हता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो वास्तुविशारदांमध्येही सर्रास दिसतो. ताज्या हवेचं यंत्र वर्ग गार करण्यासाठी नसतं. ते मुलांना श्वासापुरती हवा देण्याच्या हिशेबानं निवडलेलं असतं: माणशी सेकंदाला साधारण सात लिटर. पस्तीस मुलांची कोरडी उष्णता, दिवे आणि स्क्रीन मिळून सव्वादोन किलोवॉटच्या आसपास भरते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा तीन अंशांनी गार आहे असं धरलं, तरी एवढी उष्णता तिच्याकरवी बाहेर काढायला माणशी सतरा-अठरा लिटर हवा लागेल. यंत्र देतं सात. आणि लाटेच्या दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार नसतेच. मग यंत्र चालू असूनही उकडतं का, याचं उत्तर एवढंच, की त्या कामासाठी ते यंत्र कुणी घेतलेलंच नव्हतं.

तरीही यंत्र बंद करू नका. ते बंद झालं तर काय होतं ते पुढे सांगते.

एसीचे वर्ग हे वेगळं प्रकरण आहे, आणि माझ्या मते जास्त फसवं. एसी दोन कामं करतो, हवा गार करतो आणि हवेतलं पाणी कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवर, पकडून नळीवाटे बाहेर सोडतो. साधारण एसीच्या क्षमतेतला सत्तर-ऐंशी टक्के भाग पहिल्या कामासाठी असतो, उरलेला दुसऱ्यासाठी. जुन्या, उन्हात तापणाऱ्या इमारतीत भार, म्हणजे एसीनं बाहेर काढायची उष्णता, इतका असायचा की एसी दुपारभर थांबायचाच नाही. कॉइल सतत थंड, पाणी सतत ठिबकत. विजेचं बिल भरमसाट यायचं, पण हवा कोरडी राहायची. कुणी ठरवून केलेलं नव्हतं ते, आपोआप घडत होतं. आता ऊन काचेनं अडवलं, छताची उष्णता इन्सुलेशननं अडवली, दिवे एलईडी झाले. कोरडा भार घटला, पण मुलांच्या घामाचं पाणी होतं तेवढंच राहिलं. एसी मात्र जुन्या सवयीनं मोठाच बसवला जातो. तो पाच-सात मिनिटांत खोली २४ ला आणतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. कॉइलवर जेमतेम ओल धरलेली असते, थेंब अजून नळीपर्यंत पोहोचलेला नसतो. आतला पंखा मात्र चालूच राहतो आणि ती ओल पुन्हा खोलीत उडवतो. दिवसभर हाच खेळ. २४ अंश, ७० टक्के. हात गार, अंग चिकट, आणि सगळीकडे ओलसर कुबट वास.

याची परीक्षा करायला मीटरसुद्धा लागत नाही. एसीच्या निचऱ्याच्या नळीखाली बादली ठेवा आणि शाळा सुटताना पाणी मोजा. वर्गात दिवसभर पस्तीस मुलं होती, बाहेर दमट हवा होती, आणि बादलीत तांब्याभर पाणी असेल तर तुमचा एसी वर्ग गार करतो आहे, कोरडा करत नाही. मी हे इतक्या ठिकाणी केलंय की देखभालीची माणसं मला 'बादलीवाल्या बाई' म्हणतात.

ताज्या हवेतून येणाऱ्या पाण्याचा हिशेब तर याहून मोठा आहे. बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के असेल तर दर किलो हवेत सुमारे २१ ग्रॅम वाफ असते. वर्गात २५ अंश आणि ५५ टक्के हवं असेल तर तिथे ती ११ ग्रॅम असायला हवी. म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक किलो हवेतून १० ग्रॅम पाणी पिळून काढायचं. पस्तीस मुलांच्या ताज्या हवेसाठी हे तासाला दहा लिटर होतं. मुलं देतात दोन, यंत्र ओढून आणतं दहा. ते काढायला सात किलोवॉटच्या आसपास क्षमता लागते, म्हणजे दोन टनांचा अख्खा एसी केवळ पाण्यासाठी. आराखड्यात हा आकडा कुठे लिहिला आहे का, ते आपल्या अभियंत्याला विचारा. बऱ्याचदा तो नसतो, कारण भार काढताना सगळ्यात तापलेली दुपार धरली जाते, सगळ्यात ओली सकाळ धरली जात नाही. या दोन वेळा सहसा वेगवेगळ्या असतात.

मोठ्या इमारतीत पाणी थंड करणारा चिलर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ऊर्जा वाचवायची म्हणून कुणीतरी थंड पाण्याचं तापमान ७ वरून १०-१२ वर नेऊन ठेवलेलं असतं. वीज खरंच वाचते. पण २५ अंश, ५५ टक्के हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, १५ च्या जवळ असतो, आणि हवा तेवढी कोरडी करायला कॉइल त्याहून बरीच थंड असावी लागते. पाणी १२ ला आलं की कॉइल नुसती हवेला हात लावून सोडून देते.

तर तुमच्या इमारतीचा दोष नेमका कोणता, हे कसं ओळखायचं? मी आर्द्रतेच्या मीटरसोबत कार्बन डायऑक्साइडचं मीटर ठेवते, आणि निदानाचा निम्मा भाग त्यातच उरकतो. बाहेरच्या हवेत हा वायू सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत सव्वाचारशे भाग) आसपास असतो. वर्ग दमट आहे आणि आकडा पंधराशेच्या वर आहे, तर मुलांचं पाणी आत अडकलं आहे. हवा कमी पडते, फिल्टर, पंखा आणि डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) बघा. वर्ग दमट आहे पण आकडा सातशे-आठशे आहे, तर हवा भरपूर येते आहे आणि पाणी तीच घेऊन येते आहे. इथे आणखी हवा सोडली तर आणखी ओल येईल, इथे हवा कोरडी करायला हवी. या दोन दुखण्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. निदानाशिवाय 'खिडक्या उघडा' किंवा 'खिडक्या बंद करा' असं सरसकट सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आता रात्रीबद्दल. उष्णतेच्या लाटेत शाळेचं भवितव्य रात्री ठरतं, आणि रात्री शाळेत कुणी नसतं.

ताज्या हवेच्या यंत्रांचा एक प्रकार उष्णता परत मिळवणारा असतो. त्यात जाणारी आणि येणारी हवा एकमेकांना न मिसळता शेजारून जातात. दिवसा हे छान आहे. बाहेर ३८, आत ३१ असेल तर येणारी हवा ३३ पर्यंत उतरून आत येते. रात्री बाहेर २६ आणि आत ३१ असेल तर हेच यंत्र बाहेरच्या गार हवेला तापवून ३० ला आत सोडतं. म्हणून त्याला बायपास असतो. रात्री हवा वळसा घालून सरळ आत यावी, एवढंच त्याचं काम. एका शाळेत पॅनेलवर 'बायपास चालू' असा हिरवा दिवा लागत होता आणि इमारत मात्र दर सकाळी आदल्या दिवसापेक्षा तापलेली असायची. मी पत्रा उघडला. मोटर फिरत होती, दांडा फिरत होता, पण दांड्याला झडपेशी जोडणारा स्क्रू कधी आवळलाच नव्हता. झडप जागची हललेली नव्हती, तिच्या कडेवर धुळीची सरळ रेघ बसली होती. दोन उन्हाळे ती इमारत रात्रीची गार हवा तापवून घेत होती. पॅनेलवरचा दिवा मोटरला वीज मिळाली एवढंच सांगतो. झडप उघडली का, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

रात्रीच्या हवेला मर्यादाही आहेत. रात्र २२-२३ च्या खाली उतरत असेल आणि हवा कोरडी असेल तर जाड भिंती, स्लॅब पहाटेपर्यंत निवतात आणि दुपारपर्यंत वर्ग सांभाळतात. दमट लाटेत रात्र २८ च्या खाली येत नाही. तिथे रात्रभर हवा खेळवली की भिंती फारशा निवत नाहीत, उलट बाकं, पुस्तकं, पडदे, गालिचे पाणी पितात, आणि सकाळी एसीचे पहिले दोन तास तेच पाणी परत काढण्यात जातात. रात्री हवा सोडायची की नाही हे तापमानावरून ठरवू नका, दवबिंदूवरून ठरवा. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा खाली असेल तर सोडा, नाहीतर एसीच्या वर्गांत झाकून ठेवा. शनिवार-रविवार बंद राहिलेली शाळा सोमवारी सगळ्यात वाईट का असते, याचंही कारण रात्रीतच आहे. दोन दिवस उष्णता साठत गेली आणि रात्री ती कुणी काढली नाही.

बुरशीचं एक उदाहरण सांगते, कारण तुमच्या कुबट वासाचं मूळ कदाचित तिथे असेल. लांब सुट्टी होती. एसी बंद केले गेले. ताज्या हवेचं यंत्र मात्र वेळापत्रकाप्रमाणे रोज सकाळी चालू होत राहिलं, त्याला सुट्टी कुणी सांगितली नव्हती. बाहेर ३२ अंश, ७० टक्के, दवबिंदू २६ च्या थोडा खाली. आत इमारत बंद, पडदे ओढलेले, २८ अंश. तीच हवा २८ ला उतरली की तिची आर्द्रता ८८ टक्के होते, पाण्याचा एक थेंबही न वाढता. पृष्ठभागाजवळची हवा ८० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. ग्रंथालयाच्या दारातच वास आला. खालच्या फळीवरची पुस्तकं, बाहेरच्या भिंतीला टेकलेली, त्यांच्या पाठींवर पांढरी लव. इमारत गार राहते हा तिचा गुण, आणि त्या गारव्यातच बाहेरची ओल जाऊन बसली.

एसीच्या वर्गात हेच भिंतीच्या आत घडतं. खोली २२ ला ठेवली, बाहेरचा दवबिंदू २६, आणि आतल्या बाजूला विनाइलचा कागद किंवा भिंतभर चिकटवलेला फळा. बाहेरून येणारी वाफ त्या गार पडद्यामागे अडते आणि पाणी होऊन बसते. थंड प्रदेशांसाठी काढलेले भिंतीचे तपशील उष्ण-दमट ठिकाणी जसेच्या तसे उतरवले की वाफ अडवणारा थर नेमका चुकीच्या बाजूला येतो. वास येतो पण काही दिसत नाही, असं असेल तर आधी फळा काढून मागे बघा.

इतकं होऊनही प्रमाणपत्र मिळालं कसं? बहुतेक इमारतींचं गणित 'सरासरी वर्षा'च्या हवामानावर मांडलं जातं. अनेक वर्षांतून प्रत्येक महिन्याचा नेहमीसारखा तुकडा उचलून ते वर्ष जोडलेलं असतं, म्हणजे लाटा त्यातून बांधणीतच गळतात. जर्मनीत जन्मलेल्या पॅसिव्हहाउस मानकाबद्दल मला आदर आहे तो एका कारणानं. तिथे वर्षातले १० टक्क्यांहून जास्त तास २५ अंशांच्या वर जाऊ नयेत असा दंडक तर आहेच, पण हवेतली वाफ किलोमागे १२ ग्रॅमच्या वर किती तास राहिली, यालाही मर्यादा आहे. पाण्याचा हिशेब निदान मांडला जातो. तुमच्या अभियंत्याकडे गेल्या काही वर्षांतल्या खऱ्या लाटेच्या आठवड्याचं हवामान द्या, आणि त्यावर इमारत पुन्हा चालवून दाखवायला सांगा. आठवडाभराचं काम आहे, फार खर्चाचं नाही.

दुसऱ्या टोकाला, 'या इन्सुलेशननंच घात केला, काढून टाका' असं म्हणणारेही भेटतील. त्यांचं ऐकू नका. वरच्या मजल्यावर छताचं इन्सुलेशन काढलंत तर ३१ चे ३६ होतील आणि छत डोक्यावर शेकायला लागेल.

वीज गेली तर? लाटेत वीज जाते, कारण तेव्हाच सगळ्यांना ती हवी असते. हवाबंद वर्गात पंखा थांबला की एकशेऐंशी घनमीटर हवेत पस्तीस मुलं उरतात. कार्बन डायऑक्साइड अर्ध्या तासात सुमारे दीड हजार पीपीएमनं चढतो. वाफेचंही तसंच, भिंती-बाकांनी थोडी शोषली तरी हवा झपाट्यानं जड होते. यावर उपाय एकच, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंना, किंवा एका बाजूला खिडकी आणि दुसरीकडे दारावरची झडप. मी अशा शाळा पाहिल्यात जिथे खिडक्या उघडतात, पण 'एसी वाया जातो' म्हणून त्यांना कुलपं लावलीत आणि किल्ली कार्यालयात आहे. किल्ली वर्गात हवी, आणि ती कुठे आहे हे वर्गातल्या मुलांनाही माहीत हवं. वीज गेल्यावर दहा मिनिटांत खिडक्या उघडायच्या, वीस मिनिटांत परत आली नाही तर मुलांना तळमजल्यावर किंवा सावलीत न्यायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या.

खर्चाच्या क्रमानं मी काय करेन ते सांगते. आधी फुकटातलं: फिल्टर, बायपास, वेळापत्रकं, एसीचा पंखा कॉम्प्रेसरसोबत थांबेल अशी सोय असेल तर ती, आणि असेल तर कोरडं करण्याचा मोड. त्यानंतर काचेवरचं ऊन बाहेरच अडवणं. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते. छज्जा, बाहेरची पट्ट्यांची जाळी, अगदी ताणलेलं कापडसुद्धा पडद्याहून कितीतरी चांगलं. पश्चिमेच्या खिडक्या आधी. मग छताचे पंखे. नव्या इमारतींत ते 'दिसायला बरे नाहीत' म्हणून गाळतात, याचा मला अजूनही राग येतो. अंगावरून वारा गेला की दोन-तीन अंश गार वाटतं, आणि एसी २४ ऐवजी २६-२७ वर ठेवता येतो. पंख्यालाही सीमा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की हवा ४० अंशांच्या वर गेली तर पंखा शरीर तापवतो, तेव्हा तो वापरू नये. बंद वर्गात पाण्याचा कूलर मात्र ठेवू नका. कोरड्या हवेत, खिडक्या उघड्या ठेवून तो उत्तम आहे. हवाबंद खोलीत तो फक्त ओल वाढवतो.

एवढं करूनही बादली रिकामीच राहिली तर ताज्या हवेला आत सोडण्याआधी कोरडं करणारं वेगळं युनिट लागेल. एसीनं गारवा सांभाळायचा, त्या युनिटनं पाणी. काही यंत्रांत जाणारी हवा येणाऱ्या हवेतली ओलही उचलते. ती चांगली असतात, पण वर्गातून जाणारी हवा कोरडी असेल तरच, हे विक्रेते सांगत नाहीत. आणि कुणी 'एसी छोटा पडतोय, मोठा घ्या' म्हणालं तर आधी बादली दाखवा. मोठा एसी आणखी लवकर थांबेल आणि वर्ग आणखी ओला राहील.

इमारत सुधारेपर्यंत मुलं तिथेच बसणार आहेत, म्हणून हेही. वरच्या मजल्यावरचे, पश्चिमेचे वर्ग दुपारी रिकामे ठेवता आले तर ठेवा. खेळाचा तास सकाळी पहिला घ्या. खेळून आलेला वर्ग पुढचा अर्धा तास दुप्पट पाणी हवेत सोडतो, त्याला थेट बंद खोलीत नेऊ नका. माझी कामचलाऊ रेघ अशी आहे, कुठल्या मानकातली नव्हे: वर्गात ओला बल्ब २६ झाला की पाणी, वारा, हलकं काम, आणि २८ झाला की तो वर्ग रिकामा. लहान मुलं स्वतःहून 'मला त्रास होतोय' म्हणत नाहीत. ती गप्प होतात, बाकावर डोकं टेकतात, चिडतात. दमा असलेल्यांवर, आजारातून नुकत्याच उठलेल्यांवर वेगळं लक्ष ठेवा. मूल बरळायला लागलं, तोल जायला लागला, प्रतिसाद देईना, तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येण्याची वाट न बघता तिथेच गार करायला लागा: सावली, जादा कपडे काढणं, अंगभर गार पाणी, जोरात वारा, काखेत-जांघेत-मानेला बर्फ. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या जातीचा नसतो.

पुढचं नेमकं सांगायला मला तुमच्याकडून एक आठवड्याच्या नोंदी लागतील. तीन वर्ग निवडा: वरच्या मजल्यावरचा पश्चिमेचा, तळमजल्यावरचा, आणि एक एसीचा. प्रत्येकात तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड नोंदवणारं मीटर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर लावा, उन्हात नको, दाराजवळ नको, एसीच्या झोतात नको. चौथं बाहेर सावलीत. दर दहा मिनिटांनी नोंद, चोवीस तास, शनिवार-रविवारसकट. सोबत रोज संध्याकाळी बादलीत किती पाणी जमलं, तेही लिहून ठेवा.